जीपचं पेडल आणि कॅम्प नंबर चार

गेले तीन शनिवार आमच्यात एकच वाद चाललाय. मित्र उल्हासनगरच्या कॅम्प ४ मधला, मी बदलापूरचा आणि गाडी मधे अंबरनाथच्या एका शेडमध्ये. जुन्या महिंद्रा जीपच्या चॅसीवर तो स्वतःची गाडी बांधतोय. वाद कशावरून? तर ब्रेक-क्लचची पेडलं कुठली बसवायची!

त्याला हवीत रेसिंगवाली. वर फायरवॉलला टांगलेली, ब्रेकला दोन मास्टर सिलिंडर, मधे बॅलन्स बार. दिसतात झकास. जीपची मूळ पेडलं मात्र खालून, फ्लोअरमधून वर येतात. "आजोबांच्या काळातलं आहे रे हे," इति मित्र.

खरंच आहे. विलीजने १९४१ मध्ये ही जीप लष्करासाठी बनवायला घेतली आणि युद्ध संपेपर्यंत विलीज व फोर्डने मिळून सहा लाखांहून जास्त जीप काढल्या. त्याच युद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी ट्रान्झिट छावणी होती. फाळणीनंतर तिथल्या बराकींत सिंधी निर्वासित राहायला आले. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींनी उल्हासनगरची कोनशिला बसवली, पण पत्त्यातला 'कॅम्प' काही गेला नाही. साधारण त्याच सुमारास महिंद्रांनी मुंबईत विलीजची जीप जोडायला सुरुवात केली. म्हणजे मित्राचा पत्ता आणि त्याला नको असलेलं पेडल, दोन्ही एकाच युद्धातून आलेली :)

आता जरा इंजिनियरिंग. पायाने ३० किलो जोर दिला आणि पेडलचा लीव्हर ६:१ धरला, तर मास्टर सिलिंडरवर १८० किलो जोर पडतो. जीपमध्ये हा सगळा भार थेट चॅसी घेते. लटकत्या पेडलमध्ये तो फायरवॉलवर येतो, आणि जीपची फायरवॉल म्हणजे साधा पत्रा! पत्रा वाकला की तेवढी पेडलची चाल वाया, ब्रेक स्पंजी. आधी मजबूत ब्रॅकेट वेल्ड करा, मग टांगा.

पण मित्राचंही एक म्हणणं बरोबर आहे, आणि ते मला उशिरा पटलं. जुन्या जीपचा मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा. एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गायब. अमेरिकेने १९६८ पासून नव्या मोटारींना दोन सर्किटं सक्तीची केली ती याचसाठी. शिवाय सिलिंडर फ्लोअरखाली असल्याने ब्रेक ऑइल बघायला झाकण उघडावं लागतं. कोण उघडतंय?

मागच्या शनिवारी तह झाला. पेडलं जुनीच, चॅसीवरच. पण सिलिंडर दोन कप्प्यांचा टँडेम, आणि ऑइलची टाकी पाइपने वर बॉनेटखाली, नजरेसमोर. टँडेम लांबीला जास्त, त्यामुळे ब्रॅकेट नव्याने कापावा लागतोय. आरटीओच्या कागदपत्रांवर वेगळा लेख होईल, त्यात आत्ता शिरत नाही.

क्लचचा दांडा मात्र जसाच्या तसा ठेवलाय. तिथे भांडायला दोघांकडेही मुद्दा नव्हता.