मीठ महागलं तर कोण कमी खातं?

आजच्या भागाची सुरुवात आमच्या कट्ट्याच्या बाजारातून.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. सुरमई मिळालीच तर भाव ऐकून माणूस मागे फिरतो. मग कोणी सुक्या बांगड्यावर भागवतं, कोणी अंडी नेतं, कोणी सरळ डाळ शिजवतं. पण त्याच बाजारात मिठाची पिशवी दोन रुपयांनी महागली तर? कोणाच्या लक्षातही येत नाही. आमची आजी विचारायची, "मीठ म्हाग झाला म्हणान पेज अळणी खातलंस?"

आजीच्या या प्रश्नाला अर्थशास्त्रात 'मागणीची लवचिकता' म्हणतात. सूत्र सोपं आहे: मागणीतला शेकडा बदल भागिले किमतीतला शेकडा बदल. समजा, सुरमई २५ टक्क्यांनी महागली आणि खप ५० टक्क्यांनी घटला. उत्तर आलं २. एकापेक्षा जास्त, म्हणजे मागणी लवचिक. आता समजा, मीठ २५ टक्क्यांनी महागलं आणि खप फक्त १ टक्क्याने घटला. उत्तर ०.०४. म्हणजे मागणी अलवचिक. पेपरात एवढं लिहिलं की गुण मिळतात. पण खरी गोष्ट इथून पुढे आहे.

ज्या वस्तूवाचून कोणाचंच चालत नाही, तिच्यावर कर लावला तर खप फारसा घटत नाही आणि पैसा हमखास येतो. इंग्रज सरकारने हे बरोबर ओळखलं होतं. १८८२ मध्ये मिठावरचा कर मणाला २ रुपये होता, १८८८ मध्ये तो अडीच रुपये झाला. मण म्हणजे साधारण ३७ किलो. मीठ तयार करायला येणारा खर्च या करापुढे अगदी किरकोळ होता. म्हणजे गिऱ्हाईक पैसे मोजायचं ते मुख्यतः कराचेच.

याच सुमारास, १८९० मध्ये, इंग्लंडमध्ये आल्फ्रेड मार्शल यांचा गाजलेला ग्रंथ आला. लवचिकतेची कल्पना नीट मांडली ती त्यांनी. त्यांनीही मिठाचं उदाहरण दिलंय. त्यांचं म्हणणं असं, की इंग्लंडात मीठ गरिबालाही इतकं स्वस्त आहे की ते आणखी स्वस्त झालं तरी खप फारसा वाढणार नाही. हे 'इंग्लंडात' जरा लक्षात ठेवा. कारण इथे दिवसभर राबून चार-सहा आणे हातात येणाऱ्या माणसाला तेच मीठ स्वस्त नव्हतं.

हे सरकारला तोंडावर सांगणारा माणूस आपल्या कोकणातलाच: कोतळूकला जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले. तेव्हा मालवणही त्याच रत्नागिरी जिल्ह्यात होतं. मार्च १९०२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळातल्या आपल्या पहिल्या अर्थसंकल्पीय भाषणात त्यांनी मिठावरचा कर कमी करा, अशी मागणी केली. तिजोरीत शिल्लक पडतेय आणि गरीब मात्र मिठात काटकसर करतोय, हा त्यांचा मुद्दा. पुढच्या वर्षी कर २ रुपये झाला, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये १ रुपया. खप वाढला. म्हणजे आधी लोक खरंच हात आखडून मीठ वापरत होते!

आता प्रामाणिकपणे हिशोबाची दुसरी बाजूही बघू. कर अडीचवरून १ रुपयावर आला. सरकारचं उत्पन्न पूर्वीएवढंच राहायला खप अडीचपट व्हायला हवा होता. अडीचपट मीठ कोण खाणार? म्हणून उत्पन्न घटलंच. मागणी एकूणात अलवचिक आहे, हा सरकारचा हिशोब चुकीचा नव्हता. पण एकूण आकडा सरासरीचा असतो. त्या सरासरीत सावकाराचं ताट असतं आणि मजुराची पेजही असते. सावकाराला फरक पडत नाही. मजूर मात्र आधी गुरांचं मीठ तोडतो, मग लोणच्याचं, आणि शेवटी स्वतःचं.

आपल्या किनाऱ्यावर तर आणखी एक गंमत. जेवणात मिठाला पर्याय नाही, पण मासळी सुकवताना आहे. मीठ परवडलं नाही तर बांगडा नुसताच वाळूवर सुकवायचा, खराब झाला तर खत म्हणून माडांना घालायचा. म्हणजे एकाच घरात, एकाच मिठाची मागणी चुलीपाशी ताठर आणि खळ्यात लवचिक! सरकारलाही हे कळलं होतं. म्हणूनच पश्चिम किनाऱ्यावर मासे खारवण्यासाठी खास आवारं काढून तिथे करमुक्त मीठ दिलं गेलं. मच्छीमाराला सूट मिळाली, पण पेज पिणाऱ्याला नाही. कारण तो घेतल्याशिवाय राहणारच नव्हता.

१९२३ मध्ये कायदेमंडळाचा विरोध डावलून व्हाइसरॉय रीडिंग यांनी कर सव्वा रुपयावरून पुन्हा अडीच केला. वर्षभरात तो मागे घ्यावा लागला. मग १९३० मध्ये गांधीजी दांडीला गेले आणि मे महिन्यात वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रही पोचले. लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. शेवटी १९४७ मध्ये हा कर रद्द झाला.

पूर्वी मला वाटायचं, एवढं मोठं आंदोलन, आणि त्यासाठी मीठच का निवडलं? लवचिकता समजली तेव्हा उत्तर मिळालं. विदेशी कापडावर बहिष्कार घालता येतो, खादी घालता येते. मिठावर बहिष्कार कसा घालणार? घेणं थांबवता येत नाही, म्हणून ते स्वतः बनवणं हाच एक मार्ग उरतो. अलवचिक मागणीचा अर्थ लोकांना महागाई टोचत नाही असा नाही. त्यांना पळायला वाट नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तर मंडळी, या महिन्याचा तुमचा खर्च काढून बघा. रिचार्ज, एसटीचं तिकीट, औषधं, बाहेरचा चहा. यातली तुमची सुरमई कोणती आणि मीठ कोणतं? आणि तीच यादी शेजारच्या घरासाठीही करा, उत्तर वेगळं येईल. भेटू पुढच्या भागात.