लेगसाहेबांचे दप्तर आणि वांग ताओंचा हात

कन्फ्यूशियसचे ग्रंथ मूळ चिनी पाठासह इंग्रजीत आणणारे स्कॉटिश मिशनरी जेम्स लेग (१८१५–१८९७) यांचे दप्तर आज विखुरलेले आहे. हाँगकाँगहून मिशनला धाडलेली पत्रे लंडनमध्ये, काही कागद ऑक्सफर्डला आणि हस्तलिखितांचा एक गठ्ठा थेट न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना एक खोड असते. मोठे काम दिसले की आम्ही आधी हजेरीपट मागतो. तो या न्यूयॉर्कच्या गठ्ठ्यात सापडतो.

ही हस्तलिखिते वांग ताओ यांची आहेत. सूचौकडचे हे पंडित शांघायच्या मिशन छापखान्यात चिनी मजकुरावर हात फिरवीत. १८६२ साली ताइपिंग बंडवाल्यांना लिहिलेले एक पत्र मांचू सरकारच्या हाती पडले आणि ते वांग यांचेच, असा आरोप आला. त्यांनी तो नाकारला. पण जीव वाचवायला हाँगकाँग गाठावेच लागले. तेथे लेग यांनी त्यांना हाताशी घेतले.

काम कोणते? एकेका प्राचीन ग्रंथावर शतकानुशतके झालेल्या टीकाकारांची मते वेचायची, ताडून पाहायची, आणि लेग यांच्या भाषांतरासाठी तयार ठेवायची. ‘शी चिंग’ या काव्यसंग्रहावरची त्यांची अशी टीका तीस प्रकरणांची आहे! १८६७ साली लेग स्कॉटलंडला गेले, तेव्हा त्यांनी वांग यांनाही मागून बोलावून घेतले. डॉलर नावाच्या लहानशा गावात दोघे १८७० पर्यंत खपत होते.

लेग कृतघ्न नव्हते, हे सांगितलेच पाहिजे. १८६५ च्या खंडाच्या प्रस्तावनेत वांग यांची विद्वत्ता, त्यांनी खुला केलेला ग्रंथसंग्रह, त्यांनी घातलेले वाद, सारे त्यांनी मोकळेपणी मान्य केले आहे. मुखपृष्ठावर मात्र नाव एकट्या लेग यांचे. छपाईला प्रथम पैसा दिला जोसेफ जार्डिन यांनी. त्या पेढीची दौलत अफूवर वाढलेली, आणि माळव्याची अफू चीनला जाई ती आपल्या मुंबई बंदरातून. लेग स्वतः पुढे अफूच्या व्यापाराविरुद्ध उभे राहिले. पैसा असा फिरून येतो, याचे आम्हांला नवल वाटत नाही.

हे खंड ज्या मिशन छापखान्यात छापले गेले, तो छापखाना १८७३ साली वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकत घेतला व दुसऱ्याच वर्षी तेथून स्वतःचे चिनी दैनिक काढले. लेग १८७६ साली ऑक्सफर्डचे पहिले चिनीचे प्राध्यापक झाले. दोघेही १८९७ सालीच वारले. ती तीस प्रकरणे वांग यांच्या हयातीत छापली गेली नाहीत.