शिशाच्या गोळीचे वजन

आमच्या नवापूरच्या उत्तरेस, याच किनाऱ्यावर तारापूरचा किल्ला आहे. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने तो पोर्तुगीजांकडून घेतला. त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. या मोहिमेविषयी वाचताना मी वर्षानुवर्षे माणसे आणि तोफाच मोजत राहिलो; गोळीकडे लक्ष गेले ते फार उशिरा.

त्या काळी बंदुकीची गोळी शिसे वितळवून साच्यात ओतत. साचा थंड असला की शिसे नीट भरत नाही. हवा अडकली की आत पोकळी राहते. वरून गोळी गोलच दिसते, खोट कळते ती तराजूत. मी हिशेब मांडून पाहिला. १८ मिलिमीटर व्यासाची भरीव गोळी सुमारे ३५ ग्रॅम भरते, १७ मिलिमीटरची २९. एका मिलिमीटरने सहावा हिस्सा वजन गेले! शिवाय लहान गोळी नळीत सैल बसते, दारूचा जोर कडेने निसटतो, नेम चुकतो. मोठी गोळी गजाने ठोकूनही नळीत उतरत नाही.

दारूला ऊन देण्याविषयी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात बजावले आहे. गोळी ओतणाऱ्या, पारखणाऱ्या हातांची नावे मात्र मी वाचलेल्या कागदांत कुठेच भेटली नाहीत. तटासमोर उभ्या राहिलेल्या शिपायाचा जीव त्या पारखीवरही टांगलेला होता. मोहिमेचा इतिहास लिहिताना त्या हातांसाठी निदान एक ओळ मोकळी ठेवावी, असे मला वाटते.