परतीची सायकल

१९७० च्या दशकात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, पेणहून सायकलने रोह्याला जाणे हा काही मोठा पराक्रम नव्हता. वडखळ, नागोठणे करत साधारण ४० किलोमीटर. प्रश्न असे तो परतीचा. पाय भरून आलेले असत आणि रोह्याला रेल्वे आली ती १९८६ साली. तोवर आधार एकच, १९४८ मध्ये पुणे-नगर मार्गावर सुरू होऊन पुढे कोकणातही पोचलेली एस.टी. मागच्या शिडीने सायकल टपावर चढवायची, दोरीने आवळून बांधायची आणि लगेजचे तिकीट घ्यायचे. पण टपावर जागा आहे की नाही, हे कंडक्टर ठरवणार! जाताना कुणाची मर्जी लागत नसे, येताना मात्र लागे.

रेल्वे आल्यावर सायकल लगेज म्हणून बुक करता येऊ लागली. पावती खिशात असली की कुणाचे उपकार वाटत नसत. सामान्य माणसाला हा फरक लहान नव्हता.

आज बहुतेक एस.टी. गाड्यांना टपावर कॅरियरच नसते. रस्ता कधी झाला, गाडी कधी आली, हे आपण लिहून ठेवतो. माणूस घरी कसा परतत होता, हेही लिहायला हवे, नाही का?