गुलाबी रंग आला, पुढे काय?

मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर दर २ जानेवारीला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना मानवंदना दिली जाते. १९४२ च्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले होते. २ जानेवारी १९४३ ला पोलीस त्यांच्यापर्यंत पोचले ते खबरीवरून. लपवलेली स्फोटकं शोधतानाही तेव्हा मुख्य भिस्त खबरीवरच असायची. आज ही खबर रसायनंही देतात. पण तिच्यावर विश्वास किती ठेवायचा?

ग्रीस चाचणी एकोणिसाव्या शतकातली. नायट्रोग्लिसरीन किंवा आरडीएक्सवर अल्कलीची क्रिया झाली की नायट्राइट सुटतं आणि अभिकर्मक गुलाबी होतो. सोपं वाटतं ना? १९७४ मध्ये बर्मिंगहॅमच्या पबमधल्या स्फोटांनंतर सहा जणांना पकडलं. त्यांतल्या दोघांच्या हातांवर ही चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली आणि खटल्यात ती पुरावा ठरली. सहाही जणांना जन्मठेप झाली. पुढे कळलं की, नायट्रोसेल्युलोजचा लेप असलेले पत्ते हाताळले तरी असा निकाल येऊ शकतो. ही मंडळी आगगाडीत पत्ते खेळत होती! ते सुटले १९९१ मध्ये, सोळा वर्षं तुरुंगात काढून.

आपल्याकडे १२ मार्च १९९३ च्या मुंबई स्फोटांत २५७ माणसं गेली. वापरलेलं आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर उतरवलेलं होतं. आरडीएक्सची वाफ टीएनटीच्या साधारण हजारपट कमी, म्हणून नुसती हवा हुंगून ते सापडणं कठीण. पृष्ठभाग पुसून कण गोळा करावे लागतात. पुण्याच्या एचईएमआरएल या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने तयार केलेल्या किटमध्ये एकाऐवजी अनेक अभिकर्मक आहेत. कोणता रंग कशाने आला, यावरून स्फोटकाचा गट काही मिनिटांत कळतो. तरीही हा प्राथमिक निकालच. खात्रीसाठी नमुना वेगळ्या तत्त्वावर चालणाऱ्या उपकरणातून, उदाहरणार्थ मास स्पेक्ट्रोमीटरमधून, जावाच लागतो.

तुम्ही संशोधनाचा प्रस्ताव लिहाल तेव्हा ‘माझी पद्धत किती सूक्ष्म प्रमाण ओळखते’ हे लिहालच. त्याच्या शेजारी अजून एक तक्ता करा: स्फोटक नसलेल्या कोणकोणत्या गोष्टींना ती ‘हो’ म्हणते? सिद्धगडाच्या पायथ्याच्या शेतकऱ्याच्या हाताला नायट्रेटचं खत लागलेलं असू शकतं. तुमच्या पद्धतीने त्यालाही सोडलं पाहिजे.