हक्क, पण कशाचा?

अमेरिकेतील यादवी युद्धाची गोष्ट वर्गात निघाली, की एखादा चौकस मुलगा हमखास विचारतो, “सर, दक्षिणेची राज्ये आपल्या हक्कांसाठीच लढली ना? मग त्यांचे चुकले काय?” प्रश्न रास्त आहे. ‘राज्यांचे हक्क’ हे शब्द कानाला गोडच लागतात. परंतु कादंबरी लिहिणाऱ्याला एक खोड जडलेली असते. पात्र काय बोलते यापेक्षा ते केव्हा बोलते आणि केव्हा गप्प बसते, इकडे त्याचे लक्ष अधिक! तीच कसोटी येथे लावून पाहू.

पळालेल्या गुलामांना पकडून धन्याच्या हवाली करण्याचा कडक कायदा १८५० साली अमेरिकेच्या काँग्रेसने केला. उत्तरेच्या राज्यांवर मध्यवर्ती सत्तेची ही उघड सक्ती होती. विस्कॉन्सिन राज्याच्या न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरविला, म्हणजे राज्याचा हक्कच बजावला. दक्षिणेने त्याचे कौतुक केले काय? छे! कायदा राबवा, हाच तिचा धोशा. १८५९ साली सर्वोच्च न्यायालयाने विस्कॉन्सिनचा निर्णय फिरविला.

डिसेंबर १८६० मध्ये साउथ कॅरोलायना संघराज्यातून फुटले. आपल्या जाहीरनाम्यात त्याने राज्यांच्या सार्वभौमत्वाचा पाढा वाचला. आणि त्याच कागदात तक्रार केली, की उत्तरेची राज्ये पळालेले गुलाम परत करीत नाहीत! आपला तो हक्क, दुसऱ्याचा तो गुन्हा. १८६१ साली फुटीर राज्यांनी नवी घटना केली, तीत गुलामांवरील मालकीला बाध आणणारा कायदा करण्यास आपल्या काँग्रेसला मनाई केली. काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, या मतावरच नव्या राज्याची कोनशिला बसविली आहे, असे त्यांचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स सव्हॅना येथील सभेत बोलले. युद्ध हरल्यावर मात्र त्यांनीच ग्रंथ लिहून सारा वाद घटनेच्या अर्थाचा होता, असे प्रतिपादन केले.

या शब्दांच्या आड सुमारे चाळीस लाख माणसे दास्यात होती. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, निग्रोंच्या दास्यमुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. पुण्यात बसून त्यांना झगड्याचे मर्म बिनचूक दिसले होते.

म्हणून त्या मुलाला मी एवढेच सांगतो: राज्यांचा हक्क ही गोष्ट खोटी नाही. पण कोणी हक्काची भाषा बोलू लागला, की दोन प्रश्न विचारावेत. हक्क कशाचा? आणि तो बजावताना माणूसपण कोणाचे हिरावले जाणार?