मेणाच्या सिलिंडरवरून काढलेली पट्टी

लेखकाने येथे गायकाची पट्टी ठामपणे सांगितली आहे. पण मेणाच्या सिलिंडरवरून ती एवढ्या खात्रीने काढता येत नाही. सिलिंडर ज्या वेगाने भरला त्याच वेगाने फिरवला, तरच मूळ स्वर मिळतो. वेग सहा टक्क्यांनी वाढला, तरी षड्ज कोमल ऋषभाला जाऊन भिडतो. एडिसनच्या कंपनीने 1902 पासून विकलेल्या, साच्यातून काढलेल्या सिलिंडरांचा वेग मिनिटाला 160 फेऱ्या असा ठरलेला होता, मग अडचण कसली, असे कोणी म्हणेल. पण तो नियम बाजारातल्या मालाचा. गावोगाव फिरणारा संशोधक लांबलचक गाणे दोन-तीन मिनिटांच्या मेणात बसवण्यासाठी यंत्राचा वेग कमी करू शके, आणि त्याची नोंद ठेवीच असे नाही. म्हणूनच बर्लिनच्या फोनोग्राम संग्रहाने (स्थापना 1900) ध्वनिमुद्रणाच्या वेळी सेकंदाला 435 कंपनांची शिट्टी फुंकण्याची शिस्त लावली. ती ऐकू येत असेल तिथेच पट्टी सांगावी. मग शिट्टीविना उरलेले सिलिंडर टाकाऊ ठरतात का? मुळीच नाही. भरताना वेग स्थिर राहिला असेल, तर दोन स्वरांमधले अंतर बदलत नाही, आणि गाण्याची स्वरावली ओळखायला तेवढे पुरते. लय मात्र पट्टीबरोबरच ढळते. पुढच्या प्रकरणातली ‘द्रुत’, ‘विलंबित’ ही विशेषणेही त्यामुळे जपूनच वाचावीत.